ओळंब्यापुढची माय

बारा वर्षांची होईपर्यंत मी माझ्या मायला लांबून पाहिलंच नव्हतं. हे सांगितलं की लोक हसतात. मला तिचा डावा कान पाठ होता, मानेवरचा तीळ पाठ होता, पदराला येणारा बिडीच्या तंबाखूचा वास पाठ होता. कारण मी सदानकदा तिच्या डाव्या कडेवर असायचे. कडेवरून आई अर्धीच दिसते. उरलेली अर्धी आपल्याला उचलण्यात गुंतलेली असते.

मी दीड वर्षाची असताना ताप आला आणि जाताना माझे दोन्ही पाय घेऊन गेला. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत अशी आणखी पोरं होती. ती दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत. मला ओट्यावर बसवायला माय तयार नव्हती. माझ्या जन्माच्या आधी, नागपुरातल्या धम्मदीक्षेच्या दिवशी, ती पांढरं लुगडं नेसून त्या गर्दीत उभी होती. तिथे जे काही ऐकलं त्यातली एक गोष्ट तिने गाठ मारून ठेवली होती, ती म्हणजे पोरीनं शिकायचं. त्या पोरीला पाय आहेत की नाहीत, हा तिच्या लेखी फालतू प्रश्न होता. "तुले डोकं आहे नं? मंग पाय माह्ये घे," असं ती म्हणायची, आणि बोलता बोलताच उचलायची.

सकाळी शाळेत पोचवायची. घरी येऊन सुपात पानं घेऊन बिड्या वळायची. मधल्या सुट्टीत मला लघवीला न्यायला पुन्हा यायची. संध्याकाळी परत. पहिलीत मी मूठभर होते. सहावीत माझे पाय काडीसारखेच राहिले होते, पण वरचं अंग चांगलं भरलं होतं. माय मात्र तीच होती, उंचीला बुटकी आणि अंगाने चिपाड.

तिची कंबर केव्हापासून दुखत होती, हे तिलाच सांगता आलं नसतं. बिड्यांचं सूप बाजूला ठेवून उठताना ती दाराची चौकट धरायची आणि दात आवळून थोडा वेळ तशीच वाकून राहायची. आम्ही घरगुती सगळे उपाय केले. विटेचा शेक झाला, मोहाचं तेल झालं. उसण भरली असेल म्हणून एका पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, म्हाताऱ्याची लाथसुद्धा खाऊन झाली. म्हाताऱ्याने लाथ इतक्या मनापासून मारली की माय उंबऱ्यावर आपटली, आणि कमरेबरोबर गुडघाही दुखायला लागला. "लाथच खाची होती तं घरी कोण कमी होतं?" ती बाबांकडे बघून म्हणाली. बाबांनी आयुष्यात तिच्यावर हात उगारला नव्हता. ते बिचारे जेवणाचा डबा घेऊन निमूट गिरणीत कामाला निघून गेले.

मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही गेलो ते माझ्या पायांसाठी. तिथे कसरत शिकवणारी एक तरुण बाई होती. केरळकडची, पांढरा कोट घातलेली, हिंदी तोडून बोलणारी. मायने मला तिच्यापुढच्या खाटेवर ठेवलं आणि घाम पुसत बाजूला उभी राहिली. बाई माझे पाय बघायचे सोडून तिच्याकडेच बघत राहिली.

"बच्ची को बैठने दो. आप इधर खड़े रहो."

"पेशंट ये है," माय म्हणाली.

"मालूम है. आप खड़े रहो."

खोलीच्या छताला एक आकडा होता. त्यातून दोरी सोडलेली होती आणि दोरीच्या टोकाला पितळेचा लंबक. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते बघायला वापरतो, तो ओळंबा. बाईने मायला त्याच्यामागे, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "मी का भित आहो वं?" माय पुटपुटली. मी खाटेवर बसून हसले.

मग माझं हसू थांबलं. दोरी सरळ होती आणि तिच्यापलीकडे माझी माय कुठेच सरळ नव्हती. डावा कुल्ला बाहेर गेलेला, वरचं अंग उजवीकडे कललेलं, डावा खांदा वर चढलेला, डावा हात कोपरात वाकून पोटाशी. त्या हातात काहीच नव्हतं. मी खाटेवर होते, आणि ती मला घेऊनच उभी होती.

मी तेव्हा पहिल्यांदा तिला सबंध पाहिलं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. तो आजही तसाच येतो. बाईला मी म्हटलं, "दोरी वाकडी आहे." तिला मराठी कळलं नाही, ते बरं झालं.

बाईने कसरती दाखवल्या. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, टाचा, बैठक, खांदे, डोकं, सगळं भिंतीला टेकलं पाहिजे. उताणं झोपून, गुडघे वाकवून, कंबर जमिनीवर दाबायची. चारी हातापायांवर येऊन पाठ वर करायची, खाली सोडायची. उभं राहताना भार दोन्ही पायांवर सारखा. आणि शेवटी म्हणाली, "कसरत से पीठ मजबूत होगी, वजन सहेगी. लेकिन अम्मा, वजन उतारना भी पड़ेगा. आधा काम उससे होगा."

मायने मान डोलावली आणि वाकून मला कडेवर घेतलं. बाई काही बोलणार होती, पण तिची नजर माझ्याकडे गेली आणि तिने पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवसापासून मायने खरंच वजन उतरवलं. नळावरून पाण्याची गुंडी आणणं बंद केलं, ते बाबांकडे गेलं. गिरणीतून आलेला माणूस डोक्यावर गुंडी घेऊन चालला की बाया तोंडाला पदर लावायच्या. चक्कीवर दळणाचा डबा न्यायचं काम शेजारणीकडे गेलं. बिडीच्या पानांचं गाठोडं ती दोन खेपांत आणू लागली. सरपण बंद, भिजलेल्या गोधड्या बंद. महिनाभराने आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा बाईने विचारलं, "वजन उतारा?"

"सब उतारा," माय अभिमानाने म्हणाली. मी तिच्या कडेवर होते.

बाई हसली नाही. मीच हसले, आणि हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की उतरवायचं वजन कोणतं ते.

घरी कसरत सकाळी चालायची. माय भिंतीला टेकायची आणि मी समोर पोत्यावर बसून हवालदारकी करायचे. "डावा कुल्ला आत घे. खांदा खाली. डोकं नाही टेकलं." ती म्हणे, "टेकलं." मी म्हणे, "माझ्या डोळ्यांना दिसतं ते खरं." सुरुवातीला तिचं डोकं भिंतीपासून वीतभर दूर राहायचं. शेजारणी दारात येऊन उभ्या राहायच्या. ती चारी पायांवर आली की एक जण म्हणायची, "काहून वं, दूध केव्हा देशीन?" बाबा विचारायचे, पलटनीत नाव घातलं का. माय सगळ्यांना सव्वाशेर उत्तरं द्यायची आणि पाठ वर करायची, खाली सोडायची. ताप असो की पाहुणे असो, तिने एक दिवस चुकवला नाही. गरोदर बाईला डोहाळे लागतात तसे तिला त्या कसरतीचे लागले होते.

आणि गुण आला. हिवाळा सरताना तिचं डोकं भिंतीला टेकलं. मी म्हटलं, "टेकलं," आणि तिने तसंच उभं राहून डोळे मिटले. बिड्यांवरून उठताना ती आता चौकट धरत नव्हती. दुखायचं, पण पूर्वीसारखं नाही. मला उचलताना म्हणायची, "हलकी झाली वं तू पोट्टी." मी काही हलकी झाले नव्हते. मी बारा वर्षांची घोडी होते.

मला मात्र एकच दिसत होतं. अर्धं काम कसरतीने झालं, उरलेलं अर्धं तिच्या कडेवर बसलं आहे. हा अर्धा भाग उतरला तर माझी माय ओळंब्यासारखी सरळ होईल आणि तिला पुन्हा कधी दात आवळावे लागणार नाहीत. माझ्या बारा वर्षांच्या अकलेला यात कुठे खोट दिसत नव्हती. खरं सांगायचं तर अजूनही हिशेबात खोट दिसत नाही.

बाईनेच पुण्याकडच्या एका वसतिगृहाचं सांगितलं. तिथे माझ्यासारख्या मुलांच्या पायांवर शस्त्रक्रिया करत, लोखंडी पट्ट्या बांधून चालायला शिकवत, शाळाही तिथेच होती. मायने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माही पोरगी मले जड नाई." विषय संपला. बाबा म्हणाले, "विचारू तं दे पोरीले." मी म्हटलं, मला जायचंय.

माय हसली. पोरगी थट्टा करते असं तिला वाटलं. मग मी पुढचं बोलले. मला कडेवर बसायची लाज वाटते, शाळेतल्या मुली हसतात, मी काय गाठोडं आहे का. यातलं काहीच खरं नव्हतं. शाळेतल्या मुली हसत नव्हत्या, हसल्या असत्या तर मी त्यांना उभ्या जाग्यावर सोलून काढलं असतं. आणि जगातली सगळ्यात चांगली जागा कोणती असं कोणी विचारलं असतं, तर मी मायची डावी कड सांगितली असती. पण त्याशिवाय तिने मला सोडलं नसतं.

तिने बिड्यांचं सूप ओढून घेतलं आणि अंधारून येईपर्यंत वळत राहिली.

स्टेशनावर तिनेच मला पुलाच्या पायऱ्या चढवून नेलं. मला पोचवायला बाबा येणार होते, ते ट्रंक घेऊन मागे होते. डब्यात खिडकीशी बसवलं, फ्रॉक नीट केला, आणि खाली उतरून उभी राहिली. गाडी हलली तेव्हा मी फक्त तिची पाठ सरळ आहे का तेवढंच बघत होते. ती सरळ होती. मी मनात शाबासकी दिली, तिला आणि मला.

पुण्याकडे माझ्यावर दोन वेळा शस्त्रक्रिया झाली. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात घरी येता आलं नाही. पट्ट्या बांधून दोन काठ्यांवर उभी राहायला शिकताना मी इतकी पडले की हनुवटीवर अजून खूण आहे. पडले की मी मायला भिंतीशी उभी केलेली डोळ्यांपुढे आणायचे. तिची कंबर आता दुखत नसेल, असं स्वतःला सांगायचे आणि उठायचे. बाबांच्या पत्रात असायचं, सर्व ठीक, तुझी माय बरी आहे, अभ्यास कर.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी नागपूरला आले. वसतिगृहाच्या बाईंनी मला फलाटावर उतरवलं आणि मी माझ्या पायांवर उभी राहिले. गर्दीत एक ताठ बाई शोधत होते. बाबा दिसले. त्यांच्या शेजारी कोणी म्हातारी कमरेवर हात ठेवून, एका अंगावर कललेली, लोकांच्या खांद्याखालून वाट काढत होती. ती पुढे आली, माझ्या गालाला हात लावला, मग वाकून पायांच्या लोखंडाला हात लावला. वाकली ती वर येताना तिने बाबांचा हात धरला. मी तिच्यापेक्षा उंच दिसत होते.

रिक्षाभर मी तिच्या कललेल्या खांद्याकडे बघत होते. घरी पोचून ओट्यावर बसले आणि मग तोंड सुटलं. "कसरत सोडली?"

"सोडली."

"केव्हा?"

बाबा म्हणाले, "तू गेली त्याच दिवसापासून. मी म्हणून म्हणून थकलो, बाप्पा."

"पण का, माय?" मी ओरडले. मला वाटलं होतं ती उलटून ओरडेल. आमच्या घरात ओरडण्याला ओरडण्यानेच उत्तर असायचं. ती पातेल्यात तांदूळ धूत होती, तशीच धूत राहिली.

"मी थे दुखण्यासाठी करून राहिली होती काय? दुखणं तं जन्माचंच आहे. थे बाई म्हणे, पाठ मजबूत होईन, वजन पेलन. तू मोठी होऊन राहिली होती. मले वाटे, आज पेलते, उद्या नाई पेलली तं काय करू? मॅट्रिक होईपर्यंत तं तुले न्याचीच होती. म्हणून करे." तिने पाणी ओतून दिलं. "तू गेली. मंग कोनाले पेलाचं होतं मले?"

मी ते ऐकलं. दोन वर्षं जे धरून मी उठत होते ते सगळं त्या धुवणाच्या पाण्याबरोबर मोरीत गेलं. तिने मला ठेवून घेण्यासाठी स्वतःला सरळ केलं होतं, आणि ती सरळ व्हावी म्हणून मी निघून गेले होते. आम्ही दोघींनी एकमेकींना एक शब्द विचारला नव्हता. मी पट्ट्यांचे बंद सोडले. दोन्ही लोखंडं काढून ओट्यावर टाकली.

"घे मले," मी म्हटलं. इतक्या दिवसांनी माझ्या तोंडातून आमची बोली निघाली.

माय ओले हात पदराला पुसत आली. माझ्या काखांत हात घातले. तोच तो तिचा दम धरण्याचा आवाज कानाशी आला. मी ओट्यावरून बोटभर वर उचलले गेले, तिची कड शोधायला माझं अंग आपोआप डावीकडे कललं. मग तिने मला हळूच परत खाली ठेवलं.

"नाई पेलवत वं आता," ती म्हणाली.

हेच एक वाक्य तिला कधी मला म्हणावं लागू नये, म्हणून माझी माय रोज सकाळी भिंतीला टाचा लावून उभी राहत होती.