मामा बसल्याशिवाय खुर्ची बरी नाही

आमच्या मामाचं शिवणकामाचं दुकान आणि वडिलांचं खुर्च्यांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीला एक अरुंद दार. मामा, म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, त्या दारातून तिरका होऊन यायचा. सरळ येणं त्याला जमण्यासारखंच नव्हतं. तो फोटोत उभा राहिला की मागच्या ओळीतली माणसं नंतर फोटो पाहून विचारत, "आम्ही त्या दिवशी आलो नव्हतो का?"

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मोडक्या खुर्च्या त्यांच्याकडे येतात. पण 'खुर्ची दुरुस्त करायचीय' असं म्हणत कुणी दुकानात शिरलं की अण्णांचं तोंड आंबट होतं.

"दुरुस्त पंखा होतो हो, घड्याळ होतं. खुर्चीला पाय आहेत, हात आहेत, पाठ आहे. खुर्ची बरी होते."

तेही एका दमात नाही. सांधे जोडून चारही पाय जमिनीला टेकले, की खुर्ची नुसती 'उभी राहिली'. सरस वाळून तिचं डुगडुगणं थांबलं, की 'सावरली'. वेत नव्याने विणून पॉलिश झालं, की 'सुधारली'. 'बरी झाली' हे मात्र अण्णा स्वतःच्या तोंडाने कधी म्हणत नसत. तो मान मामाचा. मामा बसून उठल्याशिवाय खुर्ची दुकानाबाहेर पडत नसे.

आणि मामाचं बसणं म्हणजे काय! आधी तो अवघडलेल्या पाहुण्यासारखा कडेला टेकायचा. मग घरच्यासारखा रेलायचा. मग बाकावरच्या चहासाठी एकदम वाकायचा. हे सगळं झालं की अण्णा त्याला एखादा विनोद सांगत. अण्णांचे विनोद बेताचेच, पण मामाला हसायला तेवढे पुरत. तो पोटापासून हसू लागला, की खुर्चीचा खरा कस लागायचा. त्यातूनही ती टिकली तर मामा हात झटकून उठायचा. "बरी झाली. पाठवा बाईसाहेबांना घरी!"

गेल्या वर्षी मामाला टायफॉइड झाला. त्यातून उठल्यावर उरलेला मामा दारातून चक्क सरळ चालत आत आला आणि अण्णांच्या हातातला हातोडा हवेतच राहिला.

डॉक्टरीणबाई खूश होत्या. "ठणठणीत बरे झालात! आता असेच राहा."

"बरा कसला?" आई म्हणाली. "गालावरून हात फिरवला तर हाडं लागतात."

अण्णांनी मेव्हण्याकडे चष्म्यावरून निरखून पाहिलं. "सावरलाय. बरा म्हणायला अवकाश आहे."

"दाजी, मी काय स्टूल आहे?"

"स्टूल असतास तर एवढा वेळ लागला नसता."

मामाचंही मत अण्णांसारखंच होतं. स्वतः शिंपी असून तो आपल्या पँटी कमरेत बारीक करून घेईना. पट्ट्याने कमरेपाशी चुण्या गोळा करून हिंडायचा. कुणी टोकलं की म्हणायचा, "हे माप तात्पुरतं आहे."

मग शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची खुर्ची आली. मामा बसला. रेलला. वाकला. हसला. खुर्चीतून हूं नाही की चूं नाही.

अण्णा वाट पाहत होते. शेवटी म्हणाले, "अरे, बस की आता."

"दाजी, मी बसलोय."

खुर्ची 'बरी झाली' म्हणून गेली आणि दुसऱ्या दिवशी बाई एका हातात खुर्ची आणि दुसऱ्या हातात तिचा पाय घेऊन परत आल्या. अण्णा मामाला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी गुपचूप वाळूचं पोतं आणलं.

मशीनवर बसलेल्या मामाला दारातून दिसलं. आपल्या जागी पोतं! छान रेलून बसलेलं!

"ते हसतं का, दाजी?"

"हसत नाही. पण रुसतही नाही."

मामाने दार लावून घेतलं. एका शहाण्यासुरत्या माणसाने पोत्याशी अबोला धरला. आईने त्याला पूर्ववत करायचा चंग बांधला आणि ती खाण्याचे डबेच्या डबे पाठवायला लागली. डॉक्टरीणबाईंना सुगावा लागला, तेव्हा तेही बंद झालं. म्हणजे मामा पुन्हा पहिल्यासारखा होणं आता वैद्यकीयदृष्ट्या मना होतं. शर्टांना काजं करता करता तो मध्येच सुई धरून बसून राहायचा. आपण आजारातून उठलो, पण आपली खुर्ची गेली, हे त्याच्या जिवाला लागलं होतं.

अशात डॉक्टरीणबाईंच्याच दवाखान्यातली खुर्ची आली, पेशंटला बसवायची. अण्णांनी ती सुधारली. पोतं बसलं, पोतं उठलं, तक्रार नाही. बाई न्यायला आल्या तेव्हा घाईत होत्या.

मधलं दार करकरलं.

"दाजी, ती बरी नाही."

"अहो, छान तर दिसतेय!" बाई म्हणाल्या.

"छान मीही दिसतो. तुम्हीच म्हणालात."

मामाने पोतं ओढून बाजूला केलं, खुर्चीत बसला आणि मांडीवर थाप मारली. "या, दाजी."

"कुठे?"

"इथे. मांडीवर."

"शुद्धीवर आहेस का?"

"डॉक्टर समोर आहेत, त्यांना विचारा."

"शुद्धीवर आहेत," डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून निदान केलं.

अण्णांनी चष्मा काढून दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे दिला, धोतर सावरावं तशी पँट सावरली आणि मेव्हण्याच्या मांडीवर अंग चोरून बसले. खुर्ची कण्हली.

"आता विनोद सांगा," मामा म्हणाला.

"अशा अवस्थेत मला काय सुचणार, कपाळ!"

"या वयात एवढंच बघायचं राहिलं होतं," आई दारातून म्हणाली.

झालं. आधी मामा फुटला. तो हसायला लागल्यावर मांडीवरचे अण्णाही वरखाली व्हायला लागले आणि त्यांनाही हसू आवरेना. खुर्ची बिचारी थोडा वेळ दोघांना सांभाळून घेत राहिली. मग मागचा डावा पाय सावकाश बाहेरच्या बाजूला निघाला आणि दोघेही जमिनीवर आले. अण्णा वर, मामा खाली.

बाईंनी दोघांची हाडं चाचपून पाहिली. सगळी शाबूत होती. अण्णांनी पडल्या पडल्याच तो पाय ओढून पाहिला. आतल्या सांध्याने सरस धरलाच नव्हता. पोतं हललं नाही, म्हणून ते कळलंही नव्हतं.

"माझा पेशंट पडला असता हो," बाई हळूच म्हणाल्या.

अण्णांनी तो पाय बाजूला ठेवला आणि खाली मामाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उद्यापासून येत जा."

"आणि ते पोतं?"

"ओतून टाकतो बाहेर. आता उठू दे मला."

"तुम्हीच वर आहात, दाजी. मीच तुमच्या उठण्याची वाट बघतोय."

डॉक्टरीणबाईंनी या व्यवस्थेला एका अटीवर मंजुरी दिली. दोघांचं मिळून वजन पुरेसं आहे, कुणीही एकट्याने वाढवायचं नाही. तेव्हापासून प्रत्येक खुर्चीवर दोघे मिळून बसतात आणि 'बरी झाली' असं एका सुरात म्हणतात. रस्त्यावर बघ्यांची गर्दी व्हायला लागली, तेव्हा आईने मामाकडून एक जाडसा पडदा शिवून घेतला आणि दुकानाला लावला. आता लोक पडद्याबाहेर उभे राहून ऐकतात.