पाईपावरचा दोनचा आकडा

काष्टीच्या कल्याण लगड यांनी बावीस वर्षं ओडिशातल्या एका लोहखनिजाच्या कारखान्यात पाईप फिरवले. दळलेलं खनिज पाण्यात कालवतात. त्याला स्लरी म्हणतात. ती पंपाने पाईपातून पुढे ढकलतात. जड कण तळाशी घासत जातात, त्यामुळे पाईप तळातूनच झिजतो. म्हणून ठरावीक महिन्यांनी बोल्ट सोडून प्रत्येक पाईप एक तृतीयांश फिरवायचा, शाबूत बाजू खाली आणायची. पाईपावर तीन बाजूंना एक, दोन, तीन असे आकडे रंगवलेले असतात. वर कोणता आकडा आहे, त्यावरून पाईप फिरला की नाही ते कळतं.

लगड आकड्यांवर भागवत नसत. हातोडीने प्रत्येक पाईपाचा तळ ठोकत. झिजलेला तळ वेगळा वाजतो. मगच काम झाल्याची सही करत.

मेहुणा रामहरी याला त्यांनीच गावाहून नेऊन कामाला लावलं. पुढे पाईप फिरवणारी टोळी त्याच्या हाताखाली आली. गेल्या वर्षी त्याने शेवटचे चाळीस पाईप फिरवलेच नाहीत; जुने आकडे खरवडून वरच्या बाजूला 'दोन' रंगवला. लगड हातोडी घेऊन निघाले, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, माझ्या कामावर बी हातुडी?"

लगडांना ओशाळल्यासारखं झालं. हातोडी खाली ठेवून त्यांनी नुसते आकडे पाहिले आणि सही केली.

दोन महिन्यांनी पाईप फुटला. लाल गाळ शेजारच्या भातखाचरांत गेला. फुटलेल्या तुकड्यात झिजेचा एकच चर होता. फिरवलेल्या पाईपात दोन असतात. लगड काय ते समजले. चौकशीत रामहरी आपणहून कबूल करील, म्हणून गप्प राहिले. रामहरीने सांगितलं, आकडे रंगवायला दाजींनीच लावलं. सही लगडांचीच होती. त्यांचीच नोकरी गेली.

घरी त्यांनी मेहुण्याचं नाव काढलं नाही. नवऱ्याने शेवटी शेवटी कामात कंटाळा केला, असंच मालनबाई धरून चालल्या होत्या.

यंदा सुटीवर आलेला रामहरी बहिणीकडे चहाला आला. "दाजींचं वय झालंच हुतं, आक्का," तो म्हणाला. "नजर चुकती मानसाची."

लगड इतकंच म्हणाले, "ते चाळीस पाईप फिरवलं हुतं का न्हाई, सांग तिला."

रामहरी कपातल्या चहाकडे बघत राहिला. मालनबाई उत्तरासाठी थांबल्या होत्या. मग त्यांनी अर्धा भरलेला कप त्याच्या हातातून काढून घेतला आणि आत गेल्या.