चिचघाटचा पहारेकरी

देवमन भुताला भीत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कोणीही त्याला भित्रा ठरवील. बांधकाम खात्यात मैलकुली होता तो. रिसोडच्या रस्त्यावर खड्डे बुजवायचे, बाभळी छाटायच्या, आणि विहिरीत पडलेलं मढं काढायला कोणी धजावेना की यालाच हाक. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परतल्यावर घरातले देव टोपलीत भरून पैनगंगेत सोडले. बायको प्रयागबाई काठावर मुसमुसत होती, तर म्हणाला, "रडून राह्यली कायले? भुतंबी ह्याच टोपलीत गेली समज."

चिचघाट नदीच्या अलीकडच्या काठावर. जुन्या काळी अलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई, आणि मधल्या उतारावरून रोहिल्यांच्या धाडी. त्या हेरायला गावानं बुरूज बांधला होता, तो कधीचाच ढासळला होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून साऱ्या गावाचा हात दगडावर बसला, तेव्हा उकंडराव पाटलांनी मनावर घेतलं आणि जुन्या पायावर श्रमदानानं बुरूज पुन्हा उभा केला. मग नुसता बुरूज काय पाहायचा, म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शिपायांचा पहारा बसवायची टूम निघाली. तांड्यावरच्या लखीरामनं बँडवाल्यांचे जुने लाल कोट पैदा केले, लुगड्यांचे पटके झाले, वेळूला पत्र्याची पाती ठोकून भाले झाले. पाटील स्वतः जमादार. मिशा मुळातच होत्या, काजळी लावून त्यांनी त्या पार कानापर्यंत नेल्या.

खेळ असला तरी कायदा कडक होता. सकाळी जमादार एकेकाला नावानं जागेवर उभा करी. दिवेलागणीला नाव पुकारून म्हणे, "बदली आली, रजा!" की शिपायानं भाला जमिनीवर आडवा ठेवायचा आणि सुटायचं. नाव आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आपण जागे आहोत हे कळावं म्हणून दिवसभर भाल्याचा बुंधा फरशीवर आपटत राहायचं. मोगलाईकडचे लोकसुद्धा पाहायला नदी उतरून येत.

बौद्धवाड्यातली तरणी पोरं देवमनवर उखडली. पाटलाच्या बुरजावर पुन्हा पहारा कायले? देवमन म्हणाला, "आपले बापजादे हुकमानं उभे राह्यले. मी माह्या मर्जीनं उभा राहीन. अन् दारात, कोपऱ्यात नाई." पाटलांनी दारातली जागा दिली.

त्या मर्जीच्या पोटात एक जुनी सल होती. बुरूज पहिल्यांदा बांधताना सारखा कोसळे, म्हणून त्याच्या पायात माणूस घातला होता. तो देवमनच्या घरचा, पणजोबाच्याही आधीचा कोणी. त्याला भाला दिला, खड्ड्यात उभं केलं, आणि सांगितलं, "इथं उभा राह्य, बदली पाठवतो." भोवती भिंत चढू लागली तरी तो हुकमाचा माणूस उभाच राहिला. देवमनच्या बापानं हे मरताना सांगितलं, पण नाव सांगता आलं नाही. ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. गावालाही गोष्ट माहीत होती. पण ती कोणी तोंडावर आणत नव्हतं.

पहिल्याच वर्षी सगळ्यांना रजा मिळाली, भाले आडवे झाले, आणि तरी बुरजातून एक ठक् आली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. लखीराम म्हणाला, एखादा वेळू घरंगळला असेल. ते सगळ्यांनी चटकन मानलं आणि भराभर घराकडे निघाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. या खेपेला कोणी वेळूचं नावही काढलं नाही.

तिसऱ्या वर्षीचा पहारा जवळ आला तेव्हा देवमन भर दुपारी आपला भाला घेऊन एकटाच बुरजाशी गेला. दारातल्या फरशीवर भाला आपटला. पाठीमागच्या भिंतीतून ठक् आली. तो थांबला, तीही थांबली. त्यानं सावकाश आपटला, ती सावकाश आली. भराभर आपटला, तशी भराभर. उन्हानं दगड तडकत असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. पण मग भाला न आपटताच आतून ठक् आली, दमलेल्या माणसाची असते तशी, आणि देवमनच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढी मढी उपसलेला गडी, पण मागे न पाहता घराकडे सुटला.

घरी येऊन त्यानं प्रयागबाईला सांगितलं आणि लगेच पुस्ती जोडली, "पन आपण भुतंखेतं नाई मानत."

प्रयागबाई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी देव टाकले नदीत. घरचा माणूसबी टाकला काय?"

देवमनला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळीच तो पाटलाकडे गेला. आवाजाची गोष्ट निघताच उकंडरावांचा चेहरा उतरला. त्यांनीही तो ऐकलाच होता. म्हणाले, "बोकड देऊन टाकू. शांत होईल तो."

"बोकड देऊन तुमी मोकळे व्हाल, पाटील. तो नाई होत. त्याले रजा पायजे. जमादाराच्या तोंडून, साऱ्या गावादेखत."

"म्हंजे आमच्या बापजाद्यानं जिता माणूस गाडला, हे मी चारचौघांत म्हनू? पुरावा हाय काय तुह्याजवळ, देवम्या?"

"पुरावा भिंतीत उभा हाय," देवमन म्हणाला आणि निघून आला. पाटलांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, आतल्या दाराआडून सगळं ऐकलं होतं.

पहाऱ्याचा दिवस उजाडला. पाटलांनी कोट चढवला, पण मिशीला काजळी लावायचं विसरले. दिवसभर वारा म्हणून नव्हता. कुत्री बुरजाकडे तोंड करून बसली होती आणि एकही भुंकत नव्हतं. दिवेलागणीला पाटील एकेक नाव पुकारू लागले. भाले आडवे होत गेले. शेवटी देवमनला रजा मिळाली. त्यानंही भाला ठेवला.

ठक्.

बायांनी पोरं पोटाशी घेतली. लखीराम दोन पावलं मागे सरला. पाटील घामानं निथळत होते. ते पळून जातील असं देवमनला वाटलं, आणि पाटलांनाही बहुतेक तसंच वाटत असावं. पण अंगावर जमादाराचा कोट होता आणि एक शिपाई अजून जागेवर होता.

"नाव काय त्याचं?" पाटलांचा आवाज चिरकला.

"नाव कोनी ठेवलंच नाई."

"बिनानावाच्याले रजा कशी देऊ?"

देवमन एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, "माह्यं घ्या."

पाटील भिंतीसमोर जाऊन ताठ उभे राहिले. "आमच्या मानसाईनं तुमाले इथं उभं केलं," ते म्हणाले, आणि हे सारं गाव ऐकत होतं. "बदली पाठवतो म्हनलं, अन् पाठवली नाई. देवमनराव, बदली आली. रजा!"

 मग भिंतीच्या आत, पार खाली, लाकूड दगडाला घासल्याचा आवाज आला. कोणीतरी भाला हळूच, जपून आडवा ठेवत होतं. त्यानंतर काही नाही. कुत्री उठली, अंग झाडलं आणि आपापल्या वाटेनं गेली.

देवमन रडला नाही. घरी येऊन ओट्यावर बसून राहिला. प्रयागबाईनं चूल पेटवायला काडी ओढली आणि तशीच विझवून टाकली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोघं अंधारात बसली.

एवढ्यात कंदील घेऊन कोणी आलं. दुर्गाबाई होत्या, डोईवर टोपली. पाटलाच्या घरची बाई या ओट्यावर कधी चढली नव्हती. त्या चढल्या, आत आल्या, टोपली उतरवली आणि प्रयागबाईशेजारी भुईवर बसल्या. फडक्याखाली गरम भाकरी आणि पिठलं होतं.

देवमन उठून उभा राहिला. "हे कायले आनलं, बाई?"

"मयताच्या घरी चूल पेटवत नाईत, भाऊ," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरचं मानूस गेलं. जेवा दोन घास."

मग मात्र देवमन दाराच्या चौकटीला धरून, बाप गेल्यावर रडला होता तसा, ओक्साबोक्शी रडला.