मागच्या जीपमधली आर्डिस

आर्डिस हौगनला गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसायची सवय नव्हती. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावाभोवतीच्या शेतवस्त्यांवर ती स्वतःच्या जीपमधून टपाल वाटायची. बर्फात रस्ता कुठला आणि शेत कुठलं कळेनासं झालं की लोक म्हणत, "आर्डिसच्या चाकांच्या खुणा धरून जा." तिचा नवरा सेल्मर धान्याच्या कोठारावर कामाला होता. दोघं निवृत्त झाली, राहतं घर विकलं आणि बसएवढं लांब मोटरहोम घेतलं. जीप मात्र आर्डिसने विकू दिली नाही.

"त्या धुडातून ब्रेड आणायला जाणार आहेस का?" तिने सेल्मरला विचारलं. तो विषय तिथेच संपला.

मग सेल्मर पुढे मोटरहोम चालवायचा आणि आर्डिस मागून जीप. थंडी पडली की दक्षिणेला, ऊन तापलं की उत्तरेला. माझा नवरा गेल्यावर मीही लहानसा ट्रेलर घेऊन त्यांच्याबरोबर फिरू लागले. बोलायला तिघांच्याही गाड्यांत हातात धरायचे रेडिओ होते, त्यामुळे नवराबायकोचा संसार मला फुकटात ऐकायला मिळे.

"शेपूट, शेपूट, आहेस का मागे?"

"आहे रे हत्ती. तुझा डावा दिवा केव्हापासून मिचकतोय. वळायचंय, की कोणाला डोळा मारतोयस?"

असं सुरू व्हायचं आणि मग कुठच्या कुठे जायचं. आकाशातला ससाणा, सेल्मरच्या आईच्या हातचे बटाट्याचे मांडे, जन्मून दोनच दिवस राहिलेली त्यांची मुलगी. रस्ता सरळ असे, दोन्ही बाजूंना रान पिवळं पडलेलं असे, आणि ते दोन आवाज हवेतून एकमेकांकडे येत-जात राहत. मुक्कामाला पोचल्यावर मात्र दोघं बाहेर खुर्च्या टाकून मुकाट बसत. बोलणं सगळं रस्त्यावरच संपलेलं असायचं.

एका दुपारी नेवाडातल्या रस्त्यावर रेडिओवर आर्डिसचा आवाज आला. त्यात थट्टा नव्हती.

"सेल्मर, थांब. तू मला दिसत नाहीस."

"मी तुझ्यासमोर तर आहे!"

"तेच सांगतेय. समोरचंच दिसत नाहीये."

डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग गेला आहे, तो परत यायचा नाही. कडा शाबूत होत्या. "मधलं कोणीतरी ओल्या अंगठ्याने पुसून टाकल्यासारखं वाटतं," ती मला म्हणाली. माझ्याकडे बघायचं तर तिला माझ्या कानाच्या पलीकडे बघावं लागे.

सेल्मरने मोटरहोमच्या मागे ओढायचा दांडा बसवून घेतला. आता जीप रिकामीच मागून येणार होती, चारही चाकांवर. जोडायचं काम आर्डिसने सोडलं नाही. दांड्याच्या खिळी, त्या निसटल्याच तर गाडी धरून ठेवणाऱ्या साखळ्या, मागच्या दिव्यांची वायर, सगळं ती बोटांनी चाचपून लावायची. आत शिरून चारही चाकांना ओढ देणारा गिअरचा छोटा दांडा मोकळा करायची, म्हणजे चाकं फिरली तरी आतली यंत्रं जळत नाहीत. स्टिअरिंगही मोकळं ठेवायची. मग खाली उतरून जीपच्या बॉनेटवर थाप मारायची आणि पुढे जाऊन सेल्मरच्या शेजारच्या खुर्चीत बसायची.

आणि रेडिओ गप्प झाला.

मी मागून माझा ट्रेलर ओढत जायचे. माझ्या पुढे ती रिकामी जीप असे. वळण आलं की तिचं स्टिअरिंग आपोआप फिरे, सावकाश, जाणत्या हाताने फिरवावं तसं. मला सारखं वाटायचं, आत्ता आवाज येईल. येत नसे.

"भांडलात की काय?" मी एकदा आर्डिसला विचारलं.

"भांडायलाही काही सुचत नाही गं. एवढ्या जवळ बसून माणूस काय बोलणार?" ती हसली. मग म्हणाली, "मला तिथे झोप लागते. आणि झोपेत मी मागच्या जीपमध्ये असते. काच खाली केलेली असते, शेतातला वास येत असतो, आणि पुढे तो हत्ती डुलत चाललेला असतो. लख्ख दिसतो. जागी झाले की पुन्हा पुसला जातो."

हे मी सेल्मरच्या कानावर घातलं. धान्य तोलणारी माणसं चटकन बोलत नाहीत.

त्या वसंतात आम्ही ऑरेगनमधल्या आल्व्हर्डच्या कोरड्या तळ्यावर उतरलो. डोंगराच्या पायथ्याशी कित्येक मैल पसरलेली पांढरी, भेगाळलेली जमीन. झाड नाही, दगड नाही, कुंपण नाही. सकाळी ऊन वर आलं की तळ्याच्या टोकाला पाणी असल्याचा भास होतो आणि डोंगर जमिनीपासून सुटून तरंगू लागतात. आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

न्याहारी झाल्यावर सेल्मरने जीप सोडवली आणि दार उघडून उभा राहिला.

"बस."

"कुठे?"

"तुझ्या जागेवर."

"डोकं फिरलं का तुझं? कोणाला तरी उडवीन मी!"

"कोणाला? इथे धडकायला एक मी आहे, एक ही शेजारीण. आम्ही दोघं घराच्या छपरावर चढतो."

"आणि घरालाच धडकले तर?"

"मग दुसरं घेऊ. हे तुला कधी आवडलंच नाही."

आर्डिसने बॉनेटवर थाप मारली. मग तिने हाताने दाराची कड शोधली आणि आत बसली. आम्ही दोघं शिडीने छपरावर गेलो. सेल्मरचे गुडघे करकरले, पण तो पुढेच होता. इंजिन सुरू झालं. जीप आधी बिचकत, मग सरळ, मग वेगात निघाली. मागे पांढऱ्या धुळीची लांब ओढणी उठली. बघता बघता जीपचा ठिपका झाला आणि त्या खोट्या पाण्यावर तरंगू लागला.

"शेपूट," सेल्मर रेडिओत म्हणाला. "शेपूट, ऐकतेस का?"

आधी खरखर आली. मग ती म्हणाली, "शेपूट कोणाला म्हणतोस? आज मी पुढे आहे."

सेल्मर छपरावर मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता ते मी बघितलं नाही. मी शिडीवरून उतरले, माझ्या गाडीत गेले आणि माझा रेडिओ बंद केला. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं. तिकडे दूर धूळ खाली बसली होती. आर्डिसने इंजिन बंद केलं असावं. छपरावर सेल्मर रेडिओ तोंडाशी धरून मान हलवत होता. खूप वेळ हलवत होता.

परत येताना त्याने तिला आवाजाने आणलं. "जरा डावीकडे. अजून. आता सरळ. बास, बास, बास!" ती मोटरहोमपासून बरीच लांब थांबली आणि खाली उतरली. तिचे केस धुळीने पांढरे झाले होते, गाल लाल.

दुसऱ्या दिवशी निघताना ती पुढच्या खुर्चीत बसली नाही. मोटरहोमच्या मागच्या बाजूला, जेवायच्या टेबलापाशी पट्टा लावून बसली, हातात रेडिओ घेऊन. सेल्मरने समोरून हाक मारली, "अगं, इथली जागा रिकामी आहे!"

"राहू दे. इथून मला बोलता येतं."

पुढची काही वर्षं त्यांनी तशीच काढली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. नंतर तिच्या नजरेच्या कडाही मावळल्या. तेव्हा त्यांनी आयडाहोत एक लहानसं घर घेतलं, आणि जीप तिथल्या टपाल वाटणाऱ्या बाईला दिली.

पण तळ्यावरून निघालो त्या सकाळी मी माझा रेडिओ पुन्हा लावला होता. चढ चढत असताना आर्डिस म्हणाली, "काल मी एकटी नव्हते. हरणं होती. दोन्ही कडांना धावत होती, माझ्याबरोबर."

"मी छपरावरून बघत होतो," सेल्मर म्हणाला. "एकही नव्हतं."

"होती रे."

मग सेल्मरने विचारलं, "कुठपर्यंत आली?"

"मी थांबले, तिथे तीही थांबली," आर्डिस म्हणाली. "उभी राहून श्वास घेत होती. त्यांच्या अंगाची ऊब मला काचेतून लागत होती."