रिकामा डबा परत द्यायचा नसतो

फोन आला तेव्हा मी कुसुमताईचाच डबा घासत होते. आदल्या आठवड्यात तिला भेटायला तिच्या सक्करदऱ्याच्या घरी गेले होते. निघताना तिने नेहमीप्रमाणे गोळाभात भरून दिला होता, वर फोडणीचं तेल वेगळ्या वाटीत. आता डब्यात काय घालून परत द्यावं याचा विचार चालला होता. लाडू द्यावेत तर तिला गोड चालत नाही, लोणचं द्यावं तर मीठ चालत नाही... डॉक्टरांनी तिचं सगळंच बंद करून टाकलं होतं. तेवढ्यात तिच्या सुनेचा फोन. "काकू, आई गेल्या... चहा मागितला अन् मी आणतपर्यंत..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. खरं सांगते, पहिला विचार आला तो हाच, की आता हा डबा कोणाला द्यायचा? माणूस अशा वेळी वेड्यासारखंच काहीतरी मनात आणतो.

कुसुम लांजेवार आणि मी एकाच प्राथमिक शाळेत शिकवत होतो. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी ताई म्हणायचे. बाकी पोरं, पालक, शिपाई सगळ्यांची ती लांजेवार बाई. आमचं पटायचं म्हणणंही खोटं आणि पटायचं नाही म्हणणंही खोटं. मी जात्याच घाबरट, कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. ती मला म्हणायची, "तुह्यं ना वं, नवरदेव घोड्यावर बसाच्या आधी पंगतीत वरण कमी पडलं म्हणून रडणं सुरू!" आणि मग स्वतःच खो-खो हसायची. त्या हसण्याचा मला फार राग यायचा. आता तो राग यायलाही कोणी उरलं नाही.

करोनात शाळा बंद झाली तो दिवस आठवतो. आम्ही सगळ्या शिक्षिका परीक्षेचं काय, पेपरचं काय, याच्या चर्चेत. ताई मात्र खिचडी शिजवायच्या मोठ्या गंजाजवळ जाऊन उभी राहिली. तो गंज शिपायाने नुकताच घासून पालथा घातला होता. "शाळा बंद झाली म्हणजे आपल्या लेकरायची दुपार बंद झाली वं," ती म्हणाली. आमच्या शाळेत येणारी बहुतेक मुलं मागच्या वस्तीतली. कोणाचा बाप मिस्त्रीच्या हाताखाली, कोणाची आई चार घरी धुणीभांडी करणारी. दुपारची खिचडी हे त्यांचं खरं जेवण होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्या पालथ्या गंजापाशी जाऊन उभं राहणं वेगळं.

मग तिचे फोन सुरू झाले. वर्गातल्या एकेका घरी. ती "जेवले का?" असं कधीच विचारायची नाही. आपल्याकडे त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं, हो जेवलो. उपाशी माणूसही तेच सांगतो. ती पोराला फोनवर बोलवायची आणि विचारायची, "आज भाजी कायची केली होती रे?" पोरं खरं बोलायची. "बाई, भाजी नाही. चहासंगं पोळी खाल्ली." कोणी म्हणायचं, "कालचीच." आणि एखादं पोर गप्पच बसायचं. फोन ठेवल्यावर ताई पदराने तोंड पुसायची आणि पातेलं गॅसवर चढवायची.

शाळेतर्फे कोरडं धान्य वाटलं गेलं, वस्तीत काही मंडळी प्लास्टिकच्या पिशव्यांतून पुलावही वाटून जात. ताईचा हट्ट स्टीलच्या डब्याचा. स्वतःचे, सुनेच्या माहेरचे, शेजारणीचे असे डबे तिने गोळा केले आणि आम्हा शिक्षिकांना लागलेल्या करोना सर्वेक्षणाच्या ड्यूटीला निघताना वरणभात, कधी आलूची भाजी भरून दारादारांत ठेवायला लागली. मी तर कपाळावर हात मारला. माझ्या सासूबाई दम्याने अंथरुणावर, हुडकेश्वरच्या घरी मी भाजीच्या जुड्यासुद्धा साबणाने धुवत होते, आणि ही बाई वस्तीतले डबे परत घरी आणणार!

"ताई, पिशवीत काहून नाही देत? परत घ्यायची भानगड नाही, रोगाची भीती नाही."

"पिशवी दिली तं ते दान होते वं. डबा दिला तं शेजारधर्म होते," ती म्हणाली. "अन् डबा रिकामा परत येत नाही. आपल्यात रिकामं भांडं कोणी परत देते का?"

तिचं खरं होतं. कोणाकडून भांडं आलं तर त्यात काहीतरी घालूनच परत द्यायचं, निदान चिमूटभर साखर तरी, हे आपल्या आयांनी आपल्याला बोलायच्या आधी शिकवलेलं. डबे परत यायचे ते भरून. कोणी दोन हिरव्या मिरच्या घातलेल्या, कोणी कढीपत्त्याची काडी, गुळाचा खडा, दारच्या झाडाची कैरी. एका पोरीने चिंचोके घातले होते, बाईंना गणितासाठी. ताई अंगणातल्या उन्हात डबे ठेवायची आणि मग एकेक झाकण उघडून बघायची. गूळ आला की तिचा चेहरा निवायचा. मिठाचे चार दाणे आले की त्या घरी दुसऱ्या दिवशी तेलाची पिशवी पोचायची. लोकांना वाटायचं, बाई रीतभात पाळते. बाई त्यातून घर बघत होती.

आणि मग पायलच्या घरचा डबा आलाच नाही. पायल तिसरीत होती. बाप रंगकाम करणारा, आई रेखा दोन घरी स्वयंपाक करायची, तिला दोन्ही घरांनी येऊ नको म्हणून सांगितलेलं. डबा दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गल्लीत एक रुग्ण निघाला आणि बांबू बांधून गल्ली बंद केली. तरी बाकीच्यांचे डबे पिशवीत घालून बांबूला लटकवलेले मिळायचे. पायलचा नाही. फोन लावावा तर बंद. मी म्हटलं, "गेला समज डबा. ठेवून घेतला असन."

"ठेवून घेतला असता तं बरंच होतं वं..." ताई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "डब्यात टाकाले काहीच नसन तं?"

त्या दिवसांत तिचे मला फोन यायचे ते एवढंच विचारायला, काही कळलं का. मी चिडायचे. गल्लीत धान्य पोचलं असं सगळे सांगत होते, मग कशाला जीव टांगणीला लावायचा? पण फोन ठेवल्यावर माझंही कशात मन लागायचं नाही. ती पोरगी पहिल्या बाकावर बसायची. बोलायची कमी, पण खिचडी वाढताना ताट दोन्ही हातांनी धरायची... ते ताट माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी मे महिन्याच्या भर उन्हात ताई माझ्या स्कूटीवर मागे बसली. दोघी तोंड-डोकं बांधून, ड्यूटीचं कार्ड गळ्यात. गल्लीच्या तोंडाशी पोलीसदादा खुर्चीवर सावली शोधत बसलेला. आत चिटपाखरू नाही. ताईने बांबूच्या अलीकडून हाका मारल्या, "रेखा! अवं रेखा!" बऱ्याच वेळाने एक दार किलकिलं झालं. रेखा बाहेर आली ती तोच डबा छातीशी धरून. घासून लख्ख केलेला. दूरच थांबली आणि रडायला लागली.

"बाई, भांडं तसंच पडून हाय. खाली कसं देऊ? घरात टाकाले काहीच नाही."

"तांदूळ आले ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"तांदूळ हायेत ना बाई, पण तुमचेच दिलेले तुम्हाले कसे देऊ? गॅस संपला. छोटं सिलिंडर भरून देते ते दुकान बंद हाय. भिजवून भिजवून देऊन राहिली पोरीले."

म्हणजे पोतं भरलेलं आणि चूल बंद. आणि आम्ही सगळे बाहेर सांगत फिरत होतो, धान्य पोचलं. ताई मात्र पटकन म्हणाली, "पाणी तं हाय ना घरात? डब्यात पाणी टाकून आण. मले तहान लागली."

रेखाने माठातलं पाणी आणलं. डबा बांबूवरून अलीकडे आला. मी ताईचा हात धरला, खरंच धरला, घट्ट. तिने तो सोडवला, तोंडावरचा रुमाल खाली केला आणि डबा वर धरून गटागट पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळलं तेही पुसलं नाही. "गार हाय वं माठ," ती म्हणाली. पोलीसदादासुद्धा खुर्चीतून उठला.

आणि ते पाणी पिऊन झाल्यावर रेखा बोलली. आधी नाही, नंतर. "बाई... पायलच्या बाबाले खोकला हाय. कोणाले सांगू नका. त्यायले घेऊन जातीन, आम्हाले कुठं नेऊन टाकतीन कोण जाणे. म्हणून फोन बंद केला, दार लावून बसलो. शेजारी आगसुद्धा नाही मागितली."

आणि ताई त्याच घरचं पाणी प्यायली होती. मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा क्षणभर उतरला, मी बघितला. मग ती हळूच म्हणाली, "सांगावं तं लागन, रेखा. पण मी संग राहीन. पायलले कोणी दूर नाही करणार, हे मी पाहीन." आणि ती राहिली. डॉक्टर येईपर्यंत, तपासणी होईपर्यंत ती त्या बांबूंजवळ बसून होती. संध्याकाळी तिने आपल्या घरचं दुसरं सिलिंडर आत पोचवलं, आणि पुढे त्याच शेगडीवर रेखा गल्लीतल्या सगळ्या पोरांचा भात शिजवायला लागली.

पायलच्या बाबांच्या तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सासूबाईंच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही, बाहेरच्या खोलीत वेगळी झोपले. सकाळ-संध्याकाळ ताईला फोन. आता मीच विचारायचे, "भाजी कायची केली? चव लागते ना?" ती कधी "लागते," म्हणायची, कधी मुद्दाम थांबायची, आणि तेवढ्या वेळात मी दहादा "ताई? ताई?" करायचे. मग तेच खो-खो हसणं. एका रात्री मात्र ती हसली नाही. म्हणाली, "मलेही भेव वाटते वं. पण तिनं मले डबा दिला नसता तं ती बोललीच नसती." निकाल आला, करोना नव्हता, भिंती घासून घासून छातीत गेलेली धूळ होती ती. त्या दिवशी मी ताईशी इतकं भांडले की आमच्या ह्यांनी फोन हातातून काढून घेतला.

पुढे शाळा उघडली, ताई निवृत्त झाली, मग हृदयाचं दुखणं लागलं. तेरवीला रेखा आली होती, पायलला घेऊन. पायल आता उंच झाली आहे, आईच्या डोक्यावर गेली. दोघींनी येताना डबा भरून पातोड्या आणल्या होत्या. मीही माझ्याकडचा डबा नेला होता, चिवडा घालून. चिवडा काढून घेत ताईची सूनबाई म्हणाली, "काकू, राहू द्या तुमच्याचकडे." मी तो परत आणला आणि ओट्यावरच्या फळीवर ठेवला. येता-जाता लक्ष जायचं. रिकामा बघवत नव्हता.

आता माझ्या वर्गात एक पोरगी आहे. गेले काही दिवस शाळेत आली नाही. घरी फोन केला तर आई म्हणाली, "सगळं ठीक हाय, जेवलो." मी पोरीला फोनवर बोलवलं आणि विचारलं, भाजी कायची केली? ती गप्प बसली. सोमवारी वरणभात भरून ताईचा डबा तिच्या दारी दिला. आज शुक्रवार, फळी अजून रिकामीच आहे. मला रात्रभर झोप नाही. उद्या दुपारी मी तिकडे जाणार आहे. नागपूरचं ऊन आहे... तहान तर लागेलच.