गोणपाटावरचं सोयाबीन

सोसायटीच्या गोदामात शेतीचं प्रशिक्षण असलं की आमच्या गावातले पुरुष कडक इस्त्री करून जात. बियाण्याला त्यांनी जन्मात हात लावलेला नसे. निवडणं, पाखडणं, औषध चोळणं सगळं बायकांकडे. पण सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून बोलावणं त्यांना. आमचे मालक परतले की मी विचारायची, "काय सांगितलं?" ते म्हणायचे, "भात कच्चा होता."

एका दुष्काळी वर्षी मालक तापानं पडले, म्हणून मी गेले. दारातच चेअरमन म्हणाले, "वहिनी, जेवणाला टाइम हाय अजून." मी आत जाऊन बसले.

शिकवायला आलेली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिनं ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडले, गुंडाळले. सत्तर उगवले तरच ते बियाणं पेरा, म्हणाली. मागून एकानं विचारलं, "मॅडम, फुकटच्या पिशव्या कधी वाटणार?" सगळे हसले. पोरीचा चेहरा उतरला, तरी तिनं शेवटपर्यंत सांगितलं. त्या हसणाऱ्यांची मला किळस आली.

घरी येऊन मी सोसायटीतून आणलेल्या बियाण्याचे दाणे तसेच मांडले. टँकरचं पाणी मोजून मिळायचं. मालक ओरडले, "माणसाला प्यायला न्हाई अन् तू पोत्याला पाजती?" मी माझ्या अंघोळीतलं पाणी शिंपडत राहिले. सहाव्या दिवशी उघडलं तर निम्मेसुद्धा उगवले नव्हते. बाकीचे कुजून वास मारत होते.

ते गोणपाट घेऊन मी पारावर गेले. चेअरमननी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. "वहिनी, बी पावसानं उगवतं, पोत्यानं न्हाई." सगळे हसले. आमचे मालकही.

ते बियाणं पेरायला मी शेतात पाऊल ठेवणार नाही, असं घरात सांगून टाकलं. मजूर लावायची ऐपत नव्हती, त्यामुळे मालकांना घरची तूर पेरावी लागली. उशिरा एक पाऊस झाला. लोकांचं सोयाबीन इथं एक, तिथं एक उगवलं; आमची तूर मात्र ओळीनं उगवली. चेअरमन म्हणाले, पावसानं दगा दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या पेरणीआधी गावातल्या बायका पदरात मूठमूठ दाणे बांधून मागच्या दारानं माझ्याकडे येऊ लागल्या. त्याच सुमारास आमच्या ओट्यावर मालक चारचौघांना सांगत होते, "म्या रंगावरूनच वळखलं, बी खराब हाय." आणि ते चौघे कान देऊन ऐकत होते. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि आत निघून आले.