तिकडच्या मुलांचे इकडचे पालक

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाला अधूनमधून परिसंवादाचा झटका येतो. या वेळचा विषय होता ‘बदलती अमेरिका : राजकारण आणि संस्कृती’. मी अशा कार्यक्रमांना जात नाही. गेलो की डोकं फिरतं आणि घरी येऊन बायकोसमोर चिडचिड होते, त्यामुळे न गेलेलं दोघांच्याही सोयीचं. पण या वेळी तिनंच धोशा लावला. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबणारी बाई, जालना रोडवरच्या त्या हॉलचा जिना चढायला तयार झाली, कारण तिला एक प्रश्न विचारायचा होता.

प्रश्न असा. आमची एकुलती एक मुलगी तिकडं नोकरी करते. तीन वर्षांत आलेली नाही. दिवाळीनंतर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा म्हणाली, मी येते. अडचण एवढीच, की तिच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली आहे. तिथं राहायला, काम करायला हरकत नाही. पण एकदा देशाबाहेर पडली, की परत जाण्यासाठी इकडं नवा शिक्का घ्यावा लागणार. हल्ली म्हणे त्यासाठीच्या मुलाखतीच्या तारखा पुढंपुढं जातात, माणूस इथं अडकून पडतो आणि तिकडची नोकरी जाते. कंपनीचा वकील म्हणतो जाऊ नका, मैत्रिणी म्हणतात काही होत नाही. रविवारी सकाळी तिचा फोन येणार होता आणि मग ती तिकीट काढणार होती. परिसंवाद शनिवारी संध्याकाळी. वक्ता होता आमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी कॉलेजातून बाहेर पडलेला, तिकडंच स्थायिक झालेला एक जण.

“त्याला समदं माहीत असंल,” बायको म्हणाली. ती गंगापूरकडची, शहरात इतकी वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच राहिलंय. “तुम्ही फक्त भांडू नका तिथं.”

भांडू नका, हे ती मला रोजच सांगते. बहुतेक वेळा घराच्या रंगावरून. तिला घराला रंग द्यायचाय. मला रंगाचा वास सोसत नाही आणि सामान हलवणं तर अजिबात नाही. भिंतींचे पोपडे निघालेत, ते मलाही दिसतात. पण मी नाही म्हटलं की नाही.

तर कार्यक्रम. सुरुवात अर्थातच उशिरा. आधी दीपप्रज्वलन. पंखा चालू, त्यामुळे समईतली एक वात लावली की दुसरी विझायची. पंखा बंद करावा हे व्यासपीठावरच्या एकाही इंजिनिअरला सुचलं नाही. मग एकेका मान्यवराचं स्वागत. व्यासपीठ गच्च भरलेलं, बोलणारा त्यातला एकच. मग अध्यक्षांचं प्रास्ताविक. हे माझ्याच वर्गातले. सहलीच्या कंपनीबरोबर ते एकदा अमेरिका बघून आलेत, आणि तेव्हापासून अमेरिकेवर बोलायचा हक्क आपलाच आहे असं त्यांना वाटतं. तिकडचे रस्ते, तिकडची शिस्त, तिकडची ढासळती कुटुंबव्यवस्था. पाहुण्याला बोलायला मिळालं तेव्हा लोक घड्याळं बघायला लागले होते.

तो बिचारा नीट तयारी करून आला होता. पडद्यावर चित्रं दाखवत त्यानं सांगितलं, की बदल होतायत, बाहेरून आलेल्यांबद्दलची भाषा कडक झाली आहे, पण अमेरिका अजूनही संधींचा देश आहे आणि घाबरून जायचं कारण नाही. बायकोनं माझा हात दाबला. घाबरायचं कारण नाही, हे तिला ऐकायचंच होतं.

मग चर्चा सुरू झाली. एक जण उठला आणि तिकडचे अध्यक्ष कसे बरोबर आहेत ते सांगू लागला. दुसरा उठला आणि त्यांना शिव्याच घालू लागला. दोघांचा आवाज इतका चढला की मधल्या रांगेतल्या लोकांनी त्यांना धरून बसवलं. या दोघांनीही आजवर पासपोर्ट काढलेला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. आमच्या गल्लीत पाणी आठ-आठ दिवस येत नाही, त्यावर हे कधी असे उठले नाहीत. बायको हात वर करून बसली होती. खाली घ्यायची, पुन्हा वर करायची. अध्यक्ष तिच्याकडं बघून मान डोलवायचे आणि माइक तिसऱ्यालाच द्यायचे.

शेवटी त्यांनी जाहीर केलं, “वेळेअभावी प्रश्नोत्तरं आपण रद्द करत आहोत. कारण आता आजचा सर्वांत महत्त्वाचा कार्यक्रम. परदेशस्थ पाल्यांच्या पालकांचा सत्कार!”

मला काही कळेना. आणि लगेच निवेदिकेनं आमचं नाव पुकारलं.

शाल, नारळ, गुलाबाचं फूल. मुलगी तिकडं गेली म्हणून. तिच्या जाण्यात आमचा पराक्रम काय, तर विमानतळावर रडलो. आमच्यासारखीच बाकीची जोडपी एकामागून एक वर येत होती, सगळ्यांचे गुडघे तसलेच, आणि अध्यक्ष प्रत्येकाला सांगत होते, “धन्य आहात!” मला तो नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटत होता.

बायकोनं मात्र शाल खांद्यावर नीट केली आणि निवेदिकेच्या हातातला माइक सरळ काढून घेतला.

“शाल दिली, लई बरं वाटलं,” ती म्हणाली. “पण मी शालीसाठी आले नव्हते. मला या दादांना इचारायचंय. पोरीचा शिक्का संपलाय. माझ्या ऑपरेशनला येते म्हणती. तिला येऊ द्यावं का नाय?”

लगेच हॉलमधून सल्ल्यांचा पाऊस. “येऊ द्या हो, आपला देश आहे!” “नोकरी गेली तर गेली, इथं काय कमी आहे?” “मुळीच बोलवू नका!” मघाचे ते दोघे पुन्हा उभे राहिले.

पाहुण्यानं हातातला गुच्छ खाली ठेवला. तो बायकोजवळ आला आणि माइक न घेताच बोलला, त्यामुळे ते आम्हा दोघांनाच ऐकू गेलं.

“काकू, मला तिकडचं नागरिकत्व मिळालंय म्हणून मी आलो. ते मिळायच्या आधी माझे वडील गेले. इथंच, करमाडला. मी सगळं फोनवर बघितलं. भावानं फोन धरला होता. तिला नोकरी ठेवायची असेल, तर आत्ता नका बोलवू.”

“आन मघाशी तर तुम्ही म्हणले, घाबरायचं कारण नाय.”

“ते भाषण होतं, काकू.”

अध्यक्षांनी माइक परत मिळवला आणि अल्पोपहाराची घोषणा केली.

रिक्षात मी मंडळाचा उद्धार करत राहिलो. समई, प्रास्ताविक, तो नारळ, एकालाही सोडलं नाही. बायको म्हणाली, “त्यांच्यावर कशाला चिडता? त्यांनी काय केलं?” खरं होतं. मला मुलीला बघायचं होतं. तिनं घरात यावं, फ्रिज उघडून उभं राहावं, आईवर ओरडावं, एवढंच हवं होतं आणि ते जमणार नव्हतं. याचा राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं, आणि मंडळ आयतं हाताशी सापडलं होतं.

रविवारी सकाळी फोन आला. तिकडं रात्र व्हायला आली होती. बायको नेहमीच्या खुर्चीत बसली, फोन पुढ्यातल्या स्टुलावर टेकवला.

“आई, काढते मी तिकीट.”

“अगं, नको काढू. ऑपरेशन पुढं ढकललं.”

“का?”

“घराला रंग काढलाय ना. सगळा पसारा होणार. त्यात कुठं ऑपरेशन करत बसू? उन्हाळ्यात बघू.”

मुलगी फोनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, “बाबा रंगाला हो म्हणाले?”

“व्हय. म्हणले एकदाचं.”

“बाबा?”

मी बायकोच्या मागं जाऊन उभा राहिलो, फोनमध्ये दिसेन असा. “देऊन टाकू म्हटलं,” मी म्हणालो. “हिची कटकट तरी थांबेल.”

मुलगी हसली. पण तिनं इतक्या पटकन ‘बरं’ म्हटलं, की तिला कळलंय असं मला वाटलं.  

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “ऑपरेशन ठरल्या दिवशीच करू. चालायला लागले की सांगू तिला.” मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, “आता बघत काय बसलात? रंगाऱ्याला बोलवा.”

तो दुपारीच आला, नमुन्याचं पुस्तक घेऊन. पुस्तक तिनं उघडलंसुद्धा नाही. कुठल्या खोलीपासून सुरुवात करू, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, माझी खोली शेवटी घे, मला वासाचा त्रास होतो.

बायकोनं खुर्चीतूनच मागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. “ही आधी घ्या,” ती म्हणाली. “फोनमध्ये हीच दिसती.”